पत्र्यांसाठी पुरुष पाहिजे

माझं गवताचं छप्पर इतकं गळायचं, की मागच्या मोठ्या पावसात वरून एक मासा थेट माझ्या अंथरुणात पडला. हातभर लांब, मिशीवाला. मी त्याला तिथंच धरला आणि शिजवला, तर सून आउमा म्हणते, मीठ कमी पडलं. खोटं वाटत असेल तर तिला विचारा. ती नाही म्हणेल, कारण ती चर्चमध्ये गाते.

म्हणून शहरातली एक पोरगी पाटीएवढा फोन घेऊन अंगणात आली आणि छप्पर कशाचं आहे विचारायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "भोकांचं. मधूनमधून गवत आहे." तिनं लिहून घेतलं. गवताच्या घरांना तिच्या संस्थेकडून पैसे मिळणार होते. फुकट. परत द्यायचे नाहीत, कशाला खर्चले तेही कुणी विचारणार नाही. गावात लगेच उठलं, की हे पैसे घेतले की साप घरी येतो आणि रक्त मागतो. म्हटलं, येऊ दे, कोरडी जागा सापडली तर बसेल बिचारा.

आमच्या कुळाचा म्हातारा कारभारी ओगोला. त्याच्या घराला पत्रे, म्हणून त्याला दमडी मिळेना. गड्यानं दोन दिवस खपून पत्र्यांवर गवत पसरलं. पोरगी परत यायच्या आत शेजारच्या शेळ्या वर चढल्या आणि छप्पर खाऊन उतरल्या. तेव्हापासून तो माझ्यावर डूख धरून होता, जसं काही शिडी मीच लावली होती.

एका सकाळी फोन वाजला, आउमानं आलेला संदेश वाचला आणि मला दोनदा वाचून दाखवला. शिलिंग आले होते. चहात साखर पडायला लागली. जी अंडी बाजारात जायची ती आम्हीच खायला लागलो, तेव्हा कोंबड्या आमच्याकडे संशयानं बघायला लागल्या. नवरा गेल्यापासून दहा वर्षं जे लोक मला वळसा घालून जायचे, ते आता कुंपणापाशी थांबून विचारायचे, "न्यार-उगेन्या, झोप लागली का नीट?" आमच्यात बाईला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारतात. माझं माहेर अचानक सगळ्यांना आठवलं होतं.

मी पत्रे आणले, सुतार ठरवला. सुतार शिडीवर चढतोय तोच ओगोला काठी आपटत आला.

"वहिनी, विधवेच्या घराचं छप्पर बाईनं एकटीनं उघडायचं नसतं. कुळातला पुरुष पाहिजे. पहिला पत्रा त्यानं हातानं वर द्यायचा, पहिली रात्र त्यानं त्या घरात झोपायचं, मग तोच त्या घराचा पुरुष. नाहीतर शाप लागतो."

सुतार चढला त्याच्या दुप्पट वेगानं उतरला. त्याला चार लेकरं. माझा मुलगा नैरोबीत, आणि रीतीत आईच्या घराला मुलगा चालत नाही. शाप माझ्यावर आला असता तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण तो मेला नेहमी पोटातल्या पोराला धरतो, आणि आउमाला सातवा महिना होता. मोठा पाऊस तर पंधरा दिवसांवर. पत्रे भिंतीला टेकून उभे, आणि मी त्यांच्याकडे बघत बसलेली.

दुसऱ्या दिवशी कुळातले पुरुष यायला लागले. आधी ओबिएरो, मागून आणलेला कोट घालून. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. मग न्देगे कोळी, घरी दोन बायका जिवंत आणि धडधाकट. दोघांसाठी कोंबडी मारावी लागली, आणि कोंबडीचा पेटा, तिच्या पोटातली ती कडक पिशवी, आमच्यात पुरुषाच्याच ताटात जातो, म्हणून एका पेट्याचे दोन तुकडे केले. खाता खाता ओबिएरो विचारतो, पैशांचा दुसरा हप्ता कधी. न्देगे म्हणतो, आपल्या घराला एक मोटारसायकल शोभेल. आपल्या म्हणे.

मी ओगोलाला आणि चार म्हाताऱ्यांना आंब्याखाली बोलावलं. म्हटलं, रीत अर्धी नको, पूर्ण पाळू. "घराचा पुरुष व्हायचंय ना? मग खांब स्वतः तोडून आणा, खिळे स्वतःच्या खिशातून, आणि माझ्या मक्याची खुरपणी राहिली आहे. पैसे फोनमध्ये आहेत, फोनचा गुप्त नंबर माझ्या डोक्यात आहे, आणि डोकं मी कुणाला देत नाही."

ओबिएरोला तिथल्या तिथं पाठदुखी आठवली. न्देगेला होडी आठवली. होडी तर तीन वर्षांपूर्वी बुडाली होती.

आता मी विचारलं, कुळातलं कुणीच तयार नसेल तर रीत काय म्हणते? सगळे ओगोलाकडे बघायला लागले. मग कारभाऱ्यानंच उभं राहायचं, हे त्यानंच मागे दुसऱ्या एका विधवेच्या दारात छाती फुगवून सांगितलं होतं. आताही छाती फुगायला लागली. तेवढ्यात मागून त्याच्या बायकोचा आवाज आला. न्यार-साकवा शेंगा सोलत बसली होती, मान वर न करता बोलली.

"पत्रा द्यायला जा. झोपायला तुझी काठी जाईल."

"काठी?" ओगोला म्हणाला.

"आपल्या रीतीत मेलेल्या माणसाचा कोट त्याच्या जागी टांगलेला चालतो ना? मग जिवंत म्हाताऱ्याची काठी का नाही? आणि ती घोरत नाही."

म्हाताऱ्यांनी विचार केला. बिअरचं मडकं रिकामं होईपर्यंत विचार केला, आणि निकाल दिला की काठी ही पुरुषच आहे.

ओगोलानं पहिला पत्रा दिला, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. सुतार परत आला. संध्याकाळपर्यंत छप्पर झालं, आणि काठी माझ्या कोपऱ्यात मुक्कामाला राहिली. दहा वर्षांत इतका सभ्य पाहुणा मला मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओगोला लंगडत काठी न्यायला आला. चहा दिला, साखर जास्त घालून. पत्र्याखाली राहणाऱ्या विधवेनं कसं वागावं, हे सांगायला त्यानं बोट वर केलं आणि वरून पाऊस कोसळला. पत्र्यांवर असा आवाज, जसं हजार बायका एकदम मका कांडतायत. ओगोला बोलत राहिला. तासभर बोलला. बोट हलतंय, दाढी हलतेय, मध्येच डोळे वटारतोय. मी मान डोलवत राहिले.

घरात पाण्याचा एक थेंब आला नाही, आणि माझ्या कानात त्याचा एक शब्द.