खाडीत थांबलेला नारळ

दिघीच्या धक्क्यावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. ओहोटीचं पाणी समुद्राकडे धावत होतं, आणि त्या धावत्या पाण्यात एक नारळ जागच्या जागी उभा होता. शेवाळ, काटक्या, कुणाची तरी तुटकी चप्पल, सगळं त्याच्या बाजूनं वाहून जात होतं. नारळ मात्र हलेना. बायकांनी हात जोडले.

"हिला जलदृष्टी म्हणतात," मघाशी तो नारळ आणि प्रसादाची लाल पुरचुंडी पाण्यात सोडून होडीत उभे असलेले वरुणबुवा म्हणाले. "नारळाला देवानं डोळा दिलाय. नजमुद्दीनभाई, तुमच्या होडीचं बुडालेलं इंजिन बरोब्बर याच्या पोटाखाली आहे. उद्या माणूस बुडाला तरी नारळ असाच थांबेल. यंत्रं हवीत कशाला?"

शेवटचा टोला कल्पितासाठी होता. ती म्हसळ्याला शाळेत विज्ञान शिकवायची आणि गावच्या बचाव पथकात पाण्याखाली बुडी मारून शोध घ्यायची. गेल्या वर्षी धक्क्यावरून पडलेला एक पर्यटक गढूळ पाण्यात नशिबानं तिच्या हाताला लागला, म्हणून वाचला. नशिबावर पुन्हा विसंबायचं नाही, म्हणून पथकानं पाण्याखालच्या कॅमेऱ्यासाठी वर्गणी जमवली होती. दुकानदाराकडून दोन कॅमेरे पारखायला आणले होते.

पथक चालवणाऱ्या गावच्या मंडळाचे अध्यक्ष दादा तिच्याकडे वळले. "कल्पिता, वर्गणी बुवांच्या मठाला दिली तर? कॅमेरा बिघडतो. नारळ कुठं बिघडतो?"

तिला राग आला. पण जोडलेल्या हातांवर ओरडून काही होत नाही, हे ती जाणून होती.

"दादा, कॅमेरे आज तपासायचेच आहेत. नारळाखालीच तपासू. म्हणजे दोन्हींची परीक्षा होईल."

एवढ्या लोकांसमोर बुवांना नाही म्हणता येईना.

दादा आणि नजमुद्दीनसह बुवांच्या होडीत बसून तिनं आधी महागडा कॅमेरा सोडला. पडदा पांढराफटक. दिवा भिंगाला चिकटून असल्यामुळे समोरचा गाळच उजळत होता, धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावावेत तसा. धक्क्यावर हशा पिकला. तिचे कान तापले.

दुसरा कॅमेरा साधा, स्वस्तातला. त्याचा दिवा लांब दांडीवर, बाजूला. प्रकाश तिरका पडला आणि गाळ चमकायचा थांबला. तळाचा चिखल दिसला, एक खेकडा दिसला, आणि नारळापासून तळाकडे गेलेली एक ताणलेली रेघ दिसली. रेघेच्या टोकाला लाल पुरचुंडी.

"ही मघाची प्रसादाची पुरचुंडी ना?" दादांनी विचारलं.

"मंत्राचा दोरा आहे तो," बुवा घाईनं म्हणाले.

नजमुद्दीननं नारळ होडीत ओढला. "मंत्राचा कसला, तंगूस हाय. आमच्या गळाला लावतो तोच."

पुरचुंडीत अक्षता होत्या आणि शिशाची वजनं. वजन बसलं तळाशी, नारळ दोरीच्या लांबीइतका वाहत गेला आणि थांबला. नांगरलेली होडी थांबते तसाच. पारदर्शक तंगूस वरून दिसणार कुणाला? आणि नारळाखाली इंजिन नव्हतंच.

"चाचा, इंजिन सुटलं कुठं?" कल्पितानं विचारलं.

"धक्क्याच्या टोकाला. बसवता बसवता हातातून निसटलं."

"मग ते तिथंच असणार. एवढं लोखंड नारळासारखं वाहत जात नाही."

टोकाशी कॅमेरा सोडला, तर चिखलातून पंख्याची पाती वर आलेली दिसली. नजमुद्दीन आधी हसला, मग डोळे पुसत परत हसला. या गडबडीत बुवा पलीकडच्या आगरदांड्याच्या फेरीबोटीत चढलेही होते.

"हाच स्वस्तातला घ्यायचा," दादा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पण पोरी, उद्या आणखी कुणी बुवा आला तर?"

कल्पिता धक्क्यावरच्या माणसांकडे वळली. "आज आपण कॅमेऱ्याच्या किमतीवर विश्वास ठेवला नाही, पाण्यात उतरवून बघितला. बुवालाही तसाच बघा. जो तपासू देत नाही, त्याच्या हाती आपलं बुडणारं माणूस देऊ नका."