मध्यंतराचं दार

"काकू, उघडा की! शिट्टी वाजली!"

"ती चौकातल्या पोलिसाची वाजली. पंचाची शिट्टी मला कळते. गप उभे राहा."

दाराबाहेर हशा पिकला. पूर्वेच्या स्टँडखालचे ते लोखंडी दार, आत खुर्ची टाकून बसलेल्या काकू, आणि बाहेर रस्त्यावर ताटकळलेली माणसे. शाळेची पोरे होती, पाळी संपवून थेट आलेले कामगार होते, कडेवर मूल घेतलेली एक बाई होती. तिकीट एकाकडेही नव्हते. मग खरी शिट्टी झाली, काकूंनी कडी काढली, आणि पाटाचे पाणी सुटावे तशी सगळी माणसे आत आली.

क्लबची ही जुनी रीत. मध्यंतर झाले की पूर्वेचे दार उघडायचे आणि उरलेला खेळ ज्याला बघायचा त्याने फुकट बघायचा. ही रीत कोणी पाडली ते कोणालाच ठाऊक नव्हते. दोन सेक्रेटरींनी ती मोडून पाहिली, पण दोन्ही वेळा संघ असा काही आपटला की तिसऱ्याने नादच सोडला. अशा प्रेक्षकांना सगळे 'हाफटाइमवाले' म्हणत आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. क्लबचे निम्मे खेळाडू लहानपणी याच दाराने आत आलेले. एकदा आत आलेले पोर पुढच्या आठवड्यात मागच्या छोट्या मैदानावर चेंडूमागे धावताना दिसायचे. तिथून कनिष्ठ संघ, आणि नशिबात असेल तर मोठा संघ. त्यातला प्रत्येक चेहरा काकूंना शेंबड्या वयापासून ओळखीचा.

काकू दारावर लागल्या तेव्हा नव्या नवरी होत्या. आता डोके पांढरे झाले होते. आणि गंमत अशी, की एवढ्या वर्षांत त्यांनी एकाही सामन्याचा पूर्वार्ध पाहिलेला नव्हता. पूर्वार्धभर त्या मैदानाकडे पाठ करून दाराशी बसत. दार उघडले की मग जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून उरलेला खेळ बघत.

पूर्वार्ध त्यांना काका सांगत. काका नळदुरुस्तीचे काम करायचे आणि स्टँडच्या अगदी वरच्या पायरीवर बसायचे. संध्याकाळी जेवताना ताटातल्या वाट्या सरकवून ते सगळा खेळ पुन्हा उभा करत. मिठाची वाटी म्हणजे गोलकीपर, आणि पाण्याचा तांब्या म्हणजे पंच, कारण तो जागचा हलत नसे.

मग काकांची डावी बाजू गेली. जुन्या मैदानाच्या पायऱ्या अशा उभ्या, की धडधाकट माणसाचाही दम निघावा. एकदा मित्रांनी काकांना खुर्चीसकट उचलून वर न्यायचा घाट घातला. मधल्याच पायरीवर त्यांच्यातल्या न्हाव्याचा पाय घसरला आणि वरात खाली आली. कोणाला फारसे लागले नाही. पण काका म्हणाले, "मी काय पाण्याचं पिंप आहे? पुन्हा मला उचलायचं नाही." त्यानंतर ते मैदानावर गेले नाहीत. घर दोन गल्ल्या पलीकडे होते. पलंग खिडकीशी ओढून घेतला आणि काका पूर्वार्ध कानांनी बघू लागले.

त्या दिवशी सामना संपल्यावर नेहमीची मंडळी स्टँडखालच्या बाकांवर चहा घेत बसली. भिंतीवर नव्या स्टेडियमचे रंगीत चित्र लावले होते. हे मैदान आणि मागचे छोटे मैदान विकायचे आणि शहराबाहेर मोठे स्टेडियम बांधायचे, असा बेत होता. पुढच्या रविवारी सभासदांचे मतदान होते.

"छत आहे, लिफ्ट आहे, खुर्चीला पाठ आहे," टॅक्सीवाला चित्रावर बोट ठेवून म्हणाला. "माणसानं जन्मभर सिमेंटवर बसून मूळव्याध का पाळायची, सांगा?"

"आणि छोट्या मैदानाचं काय?" मास्तरांनी विचारले. ते शाळेतून निवृत्त झालेले, कनिष्ठ संघाचे सगळे सामने उन्हात उभे राहून बघणारे. "पोरं खेळणार कुठं?"

"अकादमी काढणार म्हणतात. कोच, डॉक्टर, खाणंपिणं, सगळं तिथंच. चाचणी घेऊन पोरं निवडणार."

"चाचणी! अरे, जे पोर अजून खेळायलाच लागलं नाही त्याची चाचणी कशी घेशील? दारातून आत येणाऱ्यांची कोणी घेतली होती?"

"मास्तर, म्हणून तर आपण दुसऱ्या श्रेणीत कुजतोय! पोरगं आपण घडवायचं, आणि जरा पायात चेंडू टिकायला लागला की मोठा क्लब उचलून नेणार. किती दिवस चालायचं हे?"

"दूध आपण तापवायचं, साय त्यांनी खायची," न्हाव्याने पुस्ती जोडली. न्हावी कुठल्याच बाजूचा नव्हता. दुकानात दोन्ही बाजूंची डोकी यायची, त्यामुळे त्याला तसे परवडतही नसे. "बाकी स्टेडियमचा नकाशा काढणारा तो साहेब हुशार हं. म्हणाला, तुमच्या सामन्याला सरासरी गर्दी अमुक इतकी. मी म्हटलं, साहेब, कुठल्या हाफची? तो माझ्याकडं बघतच राहिला."

सगळे हसले. मास्तरांनी काकूंकडे वळून म्हटले, "काकूंचं मत तर विचारायलाच नको. त्यांचं दारच जाणार आहे."

काकू कडीला कुलूप लावत होत्या. "इतक्या वर्षांत इथं बायकांसाठी एक संडास झाला नाही, मास्तर," त्या कुलूप ओढून बघत म्हणाल्या. "मी समोरच्या शिंपिणीकडे जाते. पाऊस असो, ऊन असो. त्या नव्या चित्रात तो आहे."

न्हाव्याला उगाच खोकला आला.

"मत विचारत नव्हतात ना? मग नाही सांगितलं," म्हणून काकू घरी निघाल्या.

घरी काका वाटच बघत होते. "सुरुवातीलाच आपला एक हुकला," त्यांनी सांगायला सुरुवात केली. "मग पंचानं आपला फाऊल खाल्ला असणार, लोक किती वेळ बोंबलत होते. आणि नंतर एकदम केवढा आवाज! गोलच झाला असणार."

"गोल कुठला! न्हावी सांगत होता, मैदानात कुत्रं शिरलं होतं. दोन बचावपटूंना चकवून थेट गोलकीपरपर्यंत गेलं."

"म्हणजे आपल्या पुढच्या फळीपेक्षा बरं."

दोघेही हसली. काकूंनी भाजी चिरायला घेतली. थोड्या वेळाने काका म्हणाले, "तो डाव्या बाजूचा नवा पोरगा. सगळे त्याचंच नाव घेतात. कसा पळतो गं तो?"

"जरा वाकून पळतो. पावलं आत वळवून. आणि एक हात असा लांब धरतो."

"म्हणजे कसा?"

काकूंनी हात पुसले आणि ओट्यापासून दारापर्यंत पळून दाखवले. वाकून, पावले आत वळवून, एक हात लांब धरून. काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "पुन्हा एकदा," ते म्हणाले.

काकू पुन्हा पळाल्या. या खेपेला काका हसले नाहीत. बारीक अक्षर वाचताना माणूस डोळे ताणतो, तसे डोळे ताणून ते बघत राहिले. पण त्यांना तो पोरगा काही दिसला नाही. समोर दिसत होती ती धापा टाकणारी आपली बायको.

"राहू दे," म्हणून त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवले.

मतदान हात वर करून होते. क्लबचे सगळे ठराव तसेच होत आले होते. सेक्रेटरी टेबलामागे उभा राहिला. तोही एके काळचा हाफटाइमवालाच. काकूंनी त्याला अनवाणी आत येताना पाहिलेले.

काकूंच्या मनाचा काटा आठवडाभर स्थिर होत नव्हता. दार जाणार, याचे वाईट वाटत होतेच. पण मैदान गेले म्हणजे खिडकीतून येणारा आवाजही जाणार. काकांकडे तेवढेच तर उरले होते. ते काढून घ्यायचे, आणि बदल्यात मिळणार ते लिफ्ट असलेल्या, लांब कुठेतरी उभ्या राहणाऱ्या स्टेडियमचे चित्र. तोवर काका कसे असतील, कोणी सांगावे?

"नवं स्टेडियम ज्यांना हवं, त्यांनी हात वर करा," सेक्रेटरी म्हणाला.

टॅक्सीवाल्याचा हात सगळ्यांत आधी वर गेला. मग इकडून तिकडून आणखी काही. काकूंचा हात मांडीवर होता. तो वर गेला तेव्हा शेजारची कुजबुज थांबली. मास्तरांनी वळून पाहिले आणि चष्मा काढून पुसायला घेतला. काचा स्वच्छ होत्या.

ठराव पास झाला. बाहेर पडताना मास्तर काकूंच्या बरोबरीने चालू लागले. "काकू, तुम्ही?"

"हो, मास्तर."

"दाराचा विचार नाही आला मनात?"

"त्याचाच करत होते आठवडाभर. मग घरी एक जण आहे, त्याचा केला."

मास्तर रागावले नाहीत. वळणावर थांबून त्यांनी "बरं, येतो" म्हटले, तेही नेहमीसारखेच. पण पुढे सामन्यानंतर ते बाकावर बसले नाहीत, उभ्याउभ्याच चहा घेऊन निघून जाऊ लागले.

घरी बातमी काकूंच्या आधी पोचली होती. न्हावी वाटेत थांबून खिडकीतून सांगून गेला होता.

"माझ्यासाठी केलंस ना?" काकांनी विचारले. त्यांचा आवाज चढला होता. "मला कोणाचे उपकार नकोत. तुझं दार होतं ते."

"तुमच्यासाठी कोण करतंय?" काकू चपला काढत म्हणाल्या. "मला मरायच्या आधी एकदा पहिला हाफ बघायचाय."

काका काही तरी पुटपुटले, आणि जेवताना त्यांनी भाजी दोनदा मागून घेतली.

स्टेडियम व्हायला वेळ लागलाच. मधल्या काळात जुने मैदान पत्र्यांनी बंद झाले, संघ परक्या मैदानांवर खेळला, आणि खिडकीतून नुसती रहदारी ऐकू यायची. काका खिडकी लावून घेऊ लागले. पण टिकून राहिले.

पहिल्या सामन्याला टॅक्सीवाल्याने आपल्या गाडीतून दोघांना नेले. गोदामे मागे पडली, मोठा रस्ता आला, तोही मागे पडला, तेव्हा कुठे ते पांढरे छत दिसले. लिफ्टने क्षणात वर नेले. कठड्याशी चाकाच्या खुर्चीसाठी जागा होती आणि तिच्या उजव्या हाताला काकूंची खुर्ची. काका कठडा धरून खालच्या हिरव्या गवताकडे बघत राहिले.

सामना सुरू झाला. काकूंनी पूर्वार्ध पाहिला. चेंडू मधल्या पट्ट्यातच इकडून तिकडे फिरत होता.

"काय मग?" काकांनी विचारले. "कसा आहे पहिला हाफ?"

"तुम्ही सांगायचात तो बरा असायचा."

"मग! तांब्यासारखा पंच कुठं मिळतो आता."

मध्यंतराची शिट्टी झाली. काकू उठल्या. काकांनी कुठे म्हणून विचारले नाही. लिफ्टने खाली येऊन त्या काचेच्या दारांपाशी गेल्या. दारे कार्ड लावल्याशिवाय उघडत नव्हती. तिथला रखवालदार अदबीने म्हणाला, "आजी, बाहेर गेलात तर कार्ड पुन्हा चालणार नाही हं."

"नाही जात," काकू म्हणाल्या. त्यांनी काचेला कपाळ टेकवून बाहेर पाहिले. रांगेने गाड्या उभ्या होत्या. त्यांच्या पलीकडे मोकळा माळ, आणि माळापलीकडे मोठा रस्ता. चालत येणारे एकही माणूस नव्हते. येणार तरी कुठून?

त्या वर आल्या. "होतं कोणी?" काकांनी हळूच विचारले.

"गाड्या होत्या."

उत्तरार्धात खेळाला जरा जान आली. एका उंच पोराने उजवीकडून दोघांना मागे टाकले आणि कोणाला कळायच्या आत चेंडू जाळ्यात मारला. सगळे स्टेडियम उठले. छताखाली आवाज घुमून परत आला.

"कोण गं हा?" काका ओरडले.

काकू डोळे बारीक करून बघत राहिल्या. चाल ओळखीची नव्हती, चेहरा ओळखीचा नव्हता. "माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"आपलाच ना?"

"शर्ट आपला आहे."

काकांनी टाळी वाजवायला आपला चांगला हात उचलला आणि तो हवेतच राहिला. काकूंच्या लक्षात आले. त्यांनी आपला तळवा त्यांच्यापुढे धरला, आणि काकांनी त्यावर आपला तळवा मारला. मग पुन्हा मारला. आजूबाजूची माणसे खाली बसली, खेळ मध्यरेषेवरून पुन्हा सुरू झाला, तरी ती दोघे टाळ्या वाजवतच होती.