दुपारचा आकडा

मित्रांनो, मी रक्तातली साखर मोजणारी एक जुनी मशीन आहे. मुठीत मावेन एवढीच. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब माझ्या पट्टीला लावायचा, की मी आकडा दाखवते. कामाला मी चोख आहे. पण माणसांच्या वागण्याने माझा जो गोंधळ झाला, तो आजही पुरता सुटलेला नाही.

कारखान्यातून मी नांदगाव पेठेत आले ती देवरावांसाठी. ते एसटीत कंडक्टर होते. जेवणानंतर मी एकशे साठ दाखवले की ते म्हणत, "वा, आज मशीन खूश हाये." एकशे साठ हा फार चांगला आकडा, असे मी मनाशी पक्के केले.

देवराव गेले आणि मी कपाटाच्या खणात पडले. शेजारी नेलकटर आणि त्यांचा तिकिटे टोचायचा चिमटा. तीन वर्षे कोणी विचारले नाही. घरातले बोलणे मात्र ऐकू येई. देवरावांची सून भावना हिची पाळी चार-चार महिने येत नसे. डॉक्टरांनी त्याला पीसीओएस असे नाव दिले होते. गोळ्या, वजन, रोजचे चालणे, असे देवराव असल्यापासून सहा वर्षे चालले. मग एके दिवशी घरातले सगळे हळू बोलू लागले. भावनाला दिवस गेले होते.

सातव्या महिन्यात तिची साखर वाढली आणि मला बाहेर काढले. नवा सेल, नव्या पट्ट्या. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी माझा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडून पाहिला आणि मला पास केले. मला फार अभिमान वाटला. डॉक्टरांनी आठ दिवस सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी आकडे लिहायला सांगितले. आहार आणि चालण्याने भागले नाही तर इन्सुलिन सुरू करायचे होते.

सकाळी मी अठ्ठ्याऐंशी दाखवले. दुपारी एकशे साठ दाखवले आणि शाबासकीची वाट पाहत राहिले. भावना रडू लागली. त्याच आकड्यावर देवराव हसत असत, ही का रडते? गरोदर बाईची मर्यादा वेगळी, जेवणानंतर दोन तासांनी एकशे वीसची असते, हे मला कोणी सांगितलेच नव्हते.

दुसऱ्या दुपारी एकशे नव्वद, तिसऱ्या दुपारी दोनशे चौदा. तिची सासू ललिताबाई वहीकडे पाहत राहिली.

"सकाळी बरोबर अन् दुपारीच एवढी? तू काय खाऊन राहिली, सांग मले."

"भाकर, वरण अन् भाजी, आई. तुमीच तं वाढली."

"मशीन खोटं नाई बोलत. सहा वर्षांनी दिवस गेले, अन् तुले जिभेवर ताबा नाई?"

मी खोटे बोलत नाही, हे खरेच. पण भावनाही खोटे बोलत नव्हती. त्या दिवसापासून तिने भाकरी निम्मी केली. पोटात बाळ आणि ताटात अर्धी भाकर. उठताना तिला चक्कर येई. मला फार वाईट वाटे, पण मला आकड्यांशिवाय दुसरी भाषा येत नाही.

सातव्या दिवशी ललिताबाई पाळत ठेवायलाच बसली. जेवणापासून दोन तास ती हलली नाही. वरुडच्या पाहुण्यांनी संत्री पाठवली होती. ललिताबाईची बोटे वाताने वाकडी, म्हणून रोज दुपारी जेवणानंतर भावनाच तिला संत्रे सोलून देई. त्या दिवशीही दिले, एकेक शीर काढून. स्वतः एक फोड तोंडात टाकली नाही. मग तिने लगेच बोट टोचले.

मी दोनशे एकतीस दाखवले.

"तू तं काईच नाई खाल्लं," ललिताबाई म्हणाली. "मी इथंच बसली होती. मंग हे आलं कुठून?"

मलाही तेच विचारायचे होते. तिने भावनाचा हात ओढून डोळ्यांजवळ नेला आणि थबकली.

"संत्र्याचा वास येऊन राहिला."

भावनाने साबणाने हात धुतले. ललिताबाईने ते पदराने कोरडे केले. नवी पट्टी, नवा थेंब. एकशे नऊ.

दोन्ही वेळा मी खरेच बोलले, मित्रांनो. थेंबातली साखर रक्तातली की संत्र्याची, हे मला कळत नाही. डॉक्टरांनी दुपारचे सगळे आकडे खोडून आठ दिवस नव्याने मोजायला लावले, आणि भावनाला उपाशी राहिल्याबद्दल रागावले. धुतलेल्या हातांचे आकडे मर्यादेत निघाले. इन्सुलिन लागले नाही. लागले असते तरी त्यात तिचा काही गुन्हा नव्हता.

दवाखान्यातून आल्यावर ललिताबाईने भावनाच्या ताटात दोन भाकरी वाढल्या. "पुरी खा," एवढेच म्हणाली. मग आपल्या वाकड्या बोटांनी स्वतःच संत्रे सोलत बसली. अर्धा रस मनगटावरून ओघळला, पण तिने कोणाला हाक मारली नाही.

तेव्हा मला विचारण्याआधी हात धुवा, नीट कोरडे करा. आणि माझा आकडा पाहून घरातल्या माणसाला खोटे ठरवायला निघालात, तर आधी त्याचा हात हातात घ्या.