जयमालाताईंच्या डोळ्यातला पातळ थर

मित्रांनो, मी जयमालाताईंच्या उजव्या डोळ्याच्या पडद्यातला मज्जातंतूंचा थर आहे. वय सत्तेचाळीस, जाडी जेमतेम केसाएवढी. डोळ्यात आलेल्या उजेडाची खबर मेंदूला पोहोचवणे हे माझे काम.

ताई मोशीला राहतात आणि चाकणच्या एका कारखान्यात ब्रेकचे भाग तपासतात. बारीकशी चीर दिसली, की तो भाग लाल पेटीत. शेजारच्या टेबलावरची पूनम म्हणायची, "ताई, तुम्ही नजर टाकली की मशीनसुद्धा घाबरतं!" तेव्हा मला फार बरे वाटायचे.

आठ वर्षांपूर्वी ताईंना मधुमेह झाला. कंपनीची वार्षिक तपासणी जवळ आली, की त्या चार दिवस भात आणि गोड चहा सोडत, गोळ्या वेळेवर घेत. उपाशीपोटीची साखर बरी निघे. "झाले मी पास!" म्हणून त्याच दुपारी जिलेबी. उरलेले वर्ष मी त्या गोड रक्तात काढत होतो. माझा एकेक तंतू विझत गेला; डाव्या डोळ्यातल्या माझ्या जुळ्या भावाचेही तेच. दुखले नाही. काळा डागही दिसला नाही. माझ्याकडून जे निसटे, त्या जागी मेंदू शेजारचाच रंग भरून टाकी.

परवा पूनमने एक भाग त्यांच्यापुढे धरला.

"ताई, हा तुम्ही ओके केलात? चीर आहे की."

"कुठंय? उगं चेष्टा करू नको."

"नख फिरवून बघा."

ताईंनी नख फिरवले. ते अडकले. डोळ्याला मात्र तिथे अजूनही गुळगुळीत लोखंडच दिसत होते. ताईंनी त्याच दुपारी रजा टाकून डोळ्यांचा दवाखाना गाठला.

तिथे त्यांनी अक्षरांच्या तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचली. मग यंत्राने माझी जाडी मोजली.

"रक्तवाहिन्या अजून ठीक आहेत," डॉक्टर म्हणाले, "पण नसांचा थर पातळ झालाय."

"कंपनीत तर मी दरवर्षी पास हाय."

"तीन महिन्यांची सरासरी साखर कधी तपासली?"

ताईंनी नकारार्थी मान हलवली. मग हळूच म्हणाल्या, "गेलेलं परत येईल का?"

"नाही. उरलंय ते सांभाळायचं."

दुसऱ्या दिवशी ताईंनी आपणहून तपासणीचे टेबल सोडले.

मित्रांनो, मी विझतो तेव्हा अंधार होत नाही. जगातली एखादी गोष्ट फक्त कमी होते. घरात कोणाला मधुमेह असेल, तर "नीट दिसतं ना?" एवढे विचारून थांबू नका. ते "हो" म्हणतील, आणि त्यांना ते खरेच वाटत असेल. त्यांना हाताला धरून डोळे तपासायला न्या.