काटा वर का चढत नाही

त्या आठवड्यात धुळ्याचा पारा सहा अंशांच्या खाली उतरला होता. दिपमालाला ते इतरांच्या आधी कळायचं, कारण धुळ्याच्या हवामान केंद्रावर पहाटेचं तापमान वाचण्याचं काम तिच्याकडे होतं. पारोळ्याजवळच्या गावातून ती रोज स्वतः गाडी चालवत जायची. गाडी सासऱ्यांची, जीवराम आबांची. जुनी, डिझेलवरची. गुडघ्यांनी दगा दिल्यावर आबांनी किल्ली सुनेच्या हातात दिली होती.

थंडीत गाडी कुरकुरत सुरू व्हायची. त्याचं दिपमालाला विशेष वाटत नव्हतं. तिला कोडं पडलं होतं ते हीटरचं. काच आतून धुरकटली की ती बटण लाल खुणेकडे फिरवायची, आणि जाळीतून गार वाराच यायचा. धुळं आलं तरी गारच. समोरचा इंजिनाच्या तापमानाचा काटाही तळाला पडून असायचा. तासभर गाडी पळाली तरी तो जेमतेम हलायचा.

"आबा, हा काटा बिघडलाय का?" तिने एकदा विचारलं.

"बिघडेल नही," आबा म्हणाले. "आपली गाडी तपसच नही." त्यांच्या आवाजात अभिमान होता.

दिपमालाचं एवढ्यावर समाधान होईना. डिझेल जळतंय, इंजिन फिरतंय, मग एवढी ऊब जाते कुठे? तिने मोबाइलवर शोधलं, दोन-चार व्हिडिओ पाहिले. थंड मुलखातले ड्रायव्हर रेडिएटरसमोर पुठ्ठा लावतात, म्हणजे समोरचा वारा कमी लागतो आणि इंजिन लवकर तापतं, असं त्यात एकाने दाखवलं होतं. रविवारी सकाळी तिने खोक्याचा पुठ्ठा कापला, निम्म्या रेडिएटरसमोर सुतळीने बांधला आणि फाट्यापर्यंत चक्कर मारून आली.

काटा उठला. फार नाही, बोटभर. जाळीतून कोमट हवा आली. म्हणजे काटा शाबूत होता, हीटरही शाबूत होता. इंजिनच तापत नव्हतं. एवढ्याशा शोधाने ती इतकी खूश झाली की गाडी अंगणात लावतानाच हसत होती.

आबा ओट्यावर ऊन खात बसले होते. पुठ्ठा दिसताच ते उठले, गुडघा धरत गाडीपाशी आले आणि सुतळी ओढून तोडली.

"हाई परत करू नको," एवढंच बोलून ते आत गेले. पुढ्यातला चहा तसाच राहिला.

दिपमाला गोंधळून स्वयंपाकघरात आली. सासूबाई, यशोदाबाई, तूर निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि सांगितलं. सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना होता. मुलीच्या, पुनमच्या, साखरपुड्यासाठी दोघं धुळ्याला निघाले होते. मुकटीच्या पुढे गाडीतून भसाभस वाफ आली आणि गाडी बंद पडली. आसपास सावलीला झाड नाही, कोणी थांबेना. यशोदाबाईंना ऊन लागलं, त्या तिथेच कोसळल्या. शुद्धीवर आल्या त्या दवाखान्यात. दोन दिवस आबा खाटेजवळून हलले नाहीत. नंतर ते गाडी घेऊन पारोळ्याला कौतिक मिस्तरीकडे गेले आणि म्हणाले, काय करायचं ते कर, पण ही गाडी पुन्हा तापली नाही पाहिजे.

"मग कौतिकभाऊंनी काय केलं?"

"ते माले काय माहीत," यशोदाबाई म्हणाल्या. "पण तव्हयपासून तपनी नही."

दिपमाला आबांकडे गेली. पुठ्ठ्याचा विषय तिने काढलाच नाही.

"आबा, मला कौतिकभाऊंना एकच गोष्ट विचारायची आहे. त्यांनी तेव्हा नेमकं काय केलं? तुम्हीही चला सोबत."

आबांनी मफलर उचलला. मग म्हणाले, "विचारायला काही हरकत नही."

कौतिकने बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं. "वॉल काढून टाकला होता. थर्मोस्टॅट. तो दारासारखा असतो, ताई. इंजिन गार असलं की पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तापलं की उघडतो. दारच काढलं, म्हणजे पाणी कायम फिरत राहणार आणि इंजिन कायम गार."

"पण मग तेव्हा तापली कशाने?" दिपमालाने विचारलं.

"रेडिएटर चोंदला होता. धूळ, कापसाचा भुगा, सगळं आत बसलेलं. वॉल काढला ती तात्पुरती मलमपट्टी होती. पंधरा दिवसांनी रेडिएटर खोलून साफ करू म्हटलं होतं, पण आबा परत आलेच नाहीत."

"गाडी चांगली चालत होती," आबा पुटपुटले.

"चालते हो. पण इंजिन गारच राहिलं तर डिझेल जास्त खातं, झिजतंही लवकर."

आबांनी सुनेकडे पाहिलं. मग कौतिकला सांगितलं, "दोन्ही कर. आधी रेडिएटर साफ कर, मग वॉल परत बसव."

दोन दिवसांनी गाडी तयार झाली. पहाटेच्या धुक्यात दिपमाला निघाली, तर आबा मफलर गुंडाळून शेजारी येऊन बसले. त्यांनी पाण्याचा कॅन पायाशी घेतला होता. पारोळा मागे पडलं आणि काटा हलला. बोटभर. मग दोन बोटं.

"थांबव," आबा म्हणाले.

"मध्यावर थांबेल तो. नाही थांबला तर मी गाडी थांबवते. शब्द देते."

मुकटी आली. आबांनी दाराची कडी घट्ट धरली होती. काटा मध्याजवळ पोचला आणि तिथेच स्थिर झाला. गाव मागे गेलं, तरी तो तिथेच. काच स्वच्छ झाली होती. पायांवर ऊब येत होती. आबांनी हळूच हात जाळीसमोर धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"पण त्याले कसं समजस, इठेच थांबानं?" त्यांनी विचारलं.

"त्या वॉलच्या आत मेण असतं. तापलं की फुगतं आणि दार ढकलतं. गार झालं की आकसतं."

"मेण?" आबा पुन्हा काट्याकडे पाहू लागले. धुळ्यात ड्युटी संपून दिपमाला बाहेर आली, तेव्हा ते केंद्राच्या गेटपाशी तिची वाट बघत उभे होते.

"दिपमाला, सपाट रस्त्याले ठीक शे. लळिंगना घाट चढताना काय करस ते पाहू ना."

घर उलट्या दिशेला होतं. दिपमालाने गाडी लळिंगकडे वळवली. चढाला लागताच काटा केसभर वर सरकला, पुढे रेडिएटरच्या पंख्याची घरघर ऐकू आली, आणि काटा परत जागेवर आला. आबा पुढे वाकून पाहत होते.

वर पोचल्यावर तिने विचारलं, "आता परत जायचं?"

"खाले उतर," आबा म्हणाले, "आणि अजून एक डाव चढाव."