हुकाचं रक्त

या, जरा पुढं सरका. मागच्या आजी, तुम्हीसुद्धा या. कीर्तन मला जिवापाड आवडतं, आणि ज्याच्यासाठी कीर्तन तो देव त्याहून. म्हणून देवाच्या नावानं फसवणाऱ्याची गोष्ट सांगताना माझा हात जरा जड पडेल. पडू द्या.

पंचवटीतल्या मंडपात त्या दुपारी मुंगीला वाट नव्हती. चौरंगावर मनगटाएवढा जाड लोखंडी हूक, शेजारी दीडशे किलोची नवी घंटा. तेजोनाथ महाराजांनी फडक्यानं हूक पुसला आणि फडकं उंच धरलं. "बघा, डाग आहे? नाही! आता आईला हाक मारा!" त्यांनी डबीतलं भस्म फुंकलं. हूक पांढराफटक झाला आणि बघता बघता त्याच्या वाकणावर लालभडक रेघ उमटली.

"रक्त! आई जागी झाली!" बायका हुंदके देऊ लागल्या.

"रेघेवर शेंदूर थापा, नजर नको लागायला," महाराज म्हणाले. "याच हुकाला घंटा टांगा. खाली बसेल त्याची साडेसाती गेली. ही क्वांटम शक्ती आहे, भक्तांनो!"

घंटा टांगणार त्या जागेच्या बरोबर खाली कुसाबाईनं सतरंजी अंथरली सुद्धा. तिची मुलगी वेदिका मागं उभी राहून महाराजांची नखं बघत होती. गुलाबी नखं. तिचीही तशीच होती. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये ती अकरा महिने शिकाऊ होती. लोखंड न तोडता त्यातली डोळ्याला न दिसणारी चीर कशी शोधायची, ते शिकत होती. त्या कामातला लाल रंग साबणानं जात नाही.

गेल्या गुरुवारी महाराजांनी त्रिशुळावर असंच रक्त आणलं, तेव्हाच तिनं दाढीमागचा चेहरा ओळखला होता. हा राजू. तीन वर्षांपूर्वी कारखान्यात क्रेनचा हूक तुटला आणि खाली तिचे वडील गेले. त्या हुकाच्या तपासणीवर राजूची सही होती. तपासणी झालीच नव्हती. हे काम वेदिका शिकायला गेली ती त्या सहीपायीच.

तिला शिकवणाऱ्या रियाज सरांनी सकाळी तिच्या हातात रंगाचा डबा ठेवला होता. "राग घेऊन जा, बेटा. घाई नको नेऊस. रंगाला चिरेत शिरायला दहा मिनिटं द्यावीच लागतात."

वेदिका चौरंगापाशी गेली. "वत्सलामावशी, तुमचा तो बद्द वाजणारा टाळ द्या."

कीर्तनकार वत्सलाबाईंनी टाळ दिला. "काय गं, याच्यात पण देवी आणतेस?"

"हो. तेवढं नामस्मरण धरा, दहा मिनिटं."

वेदिकानं टाळाला रंग फासला. गजर झाला. मग तिनं टाळ पुसून लख्ख केला आणि महाराजांच्याच डबीतली चिमूट त्यावर फुंकली. टाळावर केसाएवढी लाल रेघ उमटली. वत्सलाबाईंच्या चांगल्या टाळावर तेच सगळं केलं. तो पांढराच राहिला.

"चिरेत मुरलेला रंग ही भस्म म्हणून फुंकलेली पावडर वर ओढते," वेदिका म्हणाली. "चीर नसेल तर रेघ नाही. यांनी तुम्ही यायच्या आधीच हूक रंगवून ठेवला होता. तो चिरलेला हूक आहे."

महाराज हसले. "आई टाळातही आली! बोला जय!"

आणि लोक बोलले, जय! वत्सलाबाईंनी कपाळावर हात मारला.

वेदिकाचा आवाज चढला नाही. "बरं. चढवा घंटा. खाली पहिले महाराज बसतील."

"माझं आसन इकडं..."

"बसा की महाराज! साडेसाती जाईल!" लोकांनी प्रेमानंच त्यांना सतरंजीवर बसवलं. दोघांनी हूक वरच्या साखळीला लावला, त्यात घंटा अडकवली आणि साखळी ओढली. घंटा उचलली, हूक करकरला, आणि महाराज लंगोटीला आग लागल्यासारखे उडाले.

"थांबवा! तुटेल तो!"

साखळी ओढणाऱ्यांनी घंटा तिथंच धरली.

"कसं कळलं?" वेदिकानं विचारलं. "आईवर विश्वास नाही? का चीर माहीत होती? माझ्या आईला खाली बसवताना माहीत होती ना, राजू? तुझ्या सहीच्या हुकाखाली गेलेल्या माणसाचं नाव सांग. तीन वर्षांपूर्वीच्या."

"...पुंजा."

"माईकवर."

त्यानं माईकवर सांगितलं. तीनदा. कुसाबाई उठली, उरलेलं भस्म तिनं त्याच्या डोक्यावर ओतलं. "बघू दे, याला कुठं चीर गेलीय." मग पोलीस आले. जुन्या सहीचं प्रकरण पुन्हा उघडलं.

घंटा खाली घेतली. हुकावर एक घण बसला, आणि त्या लाल रेघेतूनच त्याचे दोन तुकडे झाले.

देव मानावा, मीही मानतो. पण चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी एक विचारा: हा करणारा स्वतः त्याच्याखाली बसेल का? आणि डोक्यावर टांगलेल्या हुकाकडे नजर गेली, तर पुंजाची आठवण काढा. एवढंच मागतो.