मावशींची पावलं

संघर्षचं भाषण तोंडपाठ झालं होतं. शनिवारी कॉलेजच्या समितीपुढे त्याला पाच मिनिटं मिळणार होती आणि मागणी एकच होती. विज्ञान इमारतीतलं स्वच्छतागृह सफाईच्या सहा बायका रोज घासत, पण वापरायला मात्र त्यांना मनाई; घासून झालं की दाराला कुलूप. त्यांनी जायचं मागच्या फाटकापलीकडच्या सार्वजनिक शौचालयात.

पण शनिवारच्या आधी रोहिणी मॅडमचा तास होता. सामाजिक न्यायावर बोलावं कसं, हे त्या शिकवत, आणि त्यांचा एक नियम नाशिकभर नसला तरी कॉलेजभर ठाऊक होता. ज्यांच्याविषयी बोलायचं, त्यांना आधी ऐकवायचं. ते हो म्हणाले तरच समितीपुढे जायचं. मुलं त्याला मॅडमची गाळणी म्हणत. गेल्या वर्षी तिच्यात तीन भाषणं अडकली होती.

त्या सहांपैकी भागी मावशी भाषण ऐकायला वर्गात आल्या आणि बादली दाराशी ठेवून बाकावर टेकल्या. "बोल बाबा, पण लवकर. लॅब पुसायची हाय."

"शतकानुशतकांच्या विषमतेच्या गर्तेत..." संघर्षने आवाज चढवला. मावशी पंख्याकडे बघू लागल्या.

"ए, आवर रे," मागून तेजल ओरडली, "मावशींना झोप लागेल!"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "मोठे शब्द काढून टाक," त्या म्हणाल्या. "खाली काय उरतं, ते सांग."

उरलेलं संघर्षच्या वहीत होतं. तो भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. आकड्यांवर त्याचा भरवसा. "आमच्या भागी मावशींना एका खेपेला चारशे बारा पावलं चालावी लागतात. मी तीनदा मोजलीत."

"कुणाच्या टांगांनी?" मावशींनी विचारलं.

"माझ्या."

"तुझी टांग केवढी, माझी केवढी! आन् माझा गुडघा? मला इचारायचंस ना." मग त्यांचा आवाज उतरला. "आन् माझं नाव नको घेऊ. ठेकेदार उद्या म्हनंल, बस घरी."

भाषणात त्यांचं नाव नऊ वेळा होतं. संघर्षचे कान तापले. मोजायचं कशाने, हे प्रॅक्टिकलच्या पहिल्याच दिवशी शिकवतात. आणि ज्यांच्यासाठी मोजायचं त्यांची नोकरीच तो पणाला लावून बसला होता.

मॅडमनी त्याला ना झापलं, ना सावरलं. "उद्या सकाळी मावशींबरोबर चाल," एवढंच म्हणाल्या. "त्यांची हरकत नसेल तर."

सकाळी तो मावशींच्या चालीने चालला. पाचशे शहात्तर पावलं. जिन्यावर त्या दोनदा थांबल्या. त्याने वेळही टिपली. मावशींनी वहीत डोकावून मान हलवली.

"चालन्याचं काय रं, आमी पेठ तालुक्यातली मानसं, डोंगर चढतो. आमी पानी पीत नाय, ते लिव."

"म्हणजे?"

"सातला येतो, दोनला सुटतो. तवर घोट नाय. प्यायलं की जावं लागतं. जावं लागलं की सुपरवायजर बोलतो."

संघर्षची लेखणी थांबली. दोन वर्षं तो त्याच इमारतीत शिकत होता. पाण्याचा कूलर त्याच्या वर्गाला लागूनच होता.

नवं भाषण ऐकून मावशींनी हो म्हटलं, आणि शनिवारी तो समितीपुढे उभा राहिला. कागद हातात नव्हता.

"या इमारतीत सहा बायका सकाळी सातला कामाला येतात. दुपारी दोनपर्यंत त्या पाणी पीत नाहीत. इथलं स्वच्छतागृह त्यांना बंद आहे आणि बाहेरचं लांब आहे. एवढंच सांगायचं होतं."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "हे तुला कोणी सांगितलं?"

"नाव सांगायची मला परवानगी नाही, सर. बाहेरचं किती लांब, ते आपण येऊन मोजू शकता."

एका सदस्याचा हात पाण्याच्या पेल्याकडे निघाला होता, तो वाटेतच राहिला. भिंतीशी बसलेल्या रोहिणी मॅडम खाली बघत होत्या. पाच मिनिटांतलं एक मिनिटही सरलं नव्हतं.

"त्या कुलपाची चावी कुणाकडे असते?" अध्यक्षांनी कारकुनाला विचारलं.

सोमवारी दहाच्या सुमाराला भागी मावशी कूलरपाशी उभ्या होत्या. स्वच्छतागृहाच्या दाराला कुलूप नव्हतं. त्यांनी बाटली भरली, मान मागे टाकली आणि पिऊ लागल्या. संघर्ष वर्गाच्या दारात थबकला.

"काय मोजतोस रं?" तोंड पुसत त्यांनी विचारलं.

"काही नाही, मावशी," तो म्हणाला. अकरा घोट झाले होते.